‘मी फोटो काढला’, म्हणजे कुणी?

दयानिता सिंग यांच्या दोन कामांची नावं शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. पहिलं काम म्हणजे २००१चं पुस्तक, ‘मायसेल्फ मोना अहमद’. झुरिकच्या स्कालो या प्रकाशनसंस्थेने काढलेलं, कृष्णधवल छायाचित्रांचं. दुसरं काम २०१३चं, व्हेनिसच्या बिएनालेत जर्मन दालनात दाखवलेलं, ‘मोना अँड मायसेल्फ’. ही एक छोटी फिल्म आहे. दयानिता तिला ‘मूव्हिंग स्टिल’, म्हणजे हलतं स्थिरचित्र म्हणतात. दोन्हींत माणसं तीच आहेत: दिल्लीच्या हिजडा समाजातल्या मोना अहमद, आणि त्यांचे फोटो काढणाऱ्या दयानिता. नावांतले शब्दही जवळजवळ तेच. पण ‘मायसेल्फ’ हा शब्द एका नावात मोनांच्या तोंडी आहे आणि दुसऱ्यात दयानितांच्या. पहिल्या नावात फोटो काढणारी बाई कुठेच नाही. बारा वर्षांनी ती नावात आली, आणि आली तीही मोनांच्या नंतर.

छायाचित्रणातून स्वतःचा शोध लागतो, असं आपण फार सहज म्हणतो. प्रदर्शनांच्या पत्रिकांवर, कार्यशाळांच्या जाहिरातींत, हौशी छायाचित्रकारांच्या मनोगतांत हे वाक्य ठरलेलं असतं. कॅमेरा हातात घेतला आणि मी मला सापडलो, सापडले. या वाक्यातला ‘मी’ नेहमी कॅमेऱ्याच्या मागचा असतो. समोर जे कोणी असेल, म्हातारा कोळी, रस्त्यावरचं मूल, पावसातली बाई, ते या शोधाचं साधन ठरतं. त्यांना त्यांचं काही सापडलं का, हे विचारायची पद्धत नाही. दयानितांची ही दोन कामं वाचताना (मी ‘वाचताना’ मुद्दाम म्हणते आहे, कारण पहिल्यात छायाचित्रांइतकीच पत्रंही आहेत) मला वाटत आलं आहे की या ठरलेल्या वाक्याला इतकं सरळ उत्तर आपल्याकडे दुसऱ्या कुणी दिलेलं नाही. त्यांच्या उत्तराचा सारांश असा: फोटो काढणाऱ्याला स्वतःविषयी काही कळायचं असेल, तर प्रथमपुरुष आधी समोरच्याला द्यावा लागतो. आपली पाळी नंतर येते, आणि कधी कधी बारा वर्षांनी येते.

आधी त्या शब्दाकडे पाहू. ‘मायसेल्फ’ने सुरू होणारं इंग्रजी आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. मुलाखतीच्या खोलीत, रेल्वेच्या डब्यात, नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी: मायसेल्फ अमुक तमुक. इंग्रजीचे मास्तर त्याला चूक म्हणतात आणि कॉन्व्हेंटमध्ये शिकलेले गालात हसतात. पण त्या चुकीच्या आत आपल्या भाषांचं बरोबर वाक्य आहे. मराठीत ‘मी मोना अहमद’ एवढं म्हटलं की वाक्य पुरं होतं, ‘आहे’ची गरज पडत नाही. बंगालीत आणि तमिळमध्येही असंच चालतं. क्रियापदाविना केवळ सर्वनाम आणि नाव, म्हणजे दारात उभं राहून केलेली स्वतःची घोषणा. स्वतःची अशी ओळख करून देण्याचा हक्क ज्यांना जन्मभर मिळालेला नसतो, ज्यांना इतर लोकच नावं ठेवतात, त्यांच्या तोंडी हे वाक्य किती वजनदार होतं! एका युरोपीय प्रकाशकाच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हे भारतीय इंग्रजी न सुधारता तसंच गेलं, हा मला त्या पुस्तकाचा पहिला गुण वाटतो.

आता या दोघींची गाठ कशी पडली ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. दयानितांचा जन्म १९६१चा. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत आणि नंतर न्यूयॉर्कच्या इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफीत त्यांचं शिक्षण झालं. १९८६मध्ये तबलावादक झाकिर हुसेन यांच्यावरचं त्यांचं पहिलं पुस्तक आलं. त्यानंतर त्या वृत्तछायाचित्रकार म्हणून काम करू लागल्या. १९८९मध्ये लंडनच्या एका वर्तमानपत्रासाठी दिल्लीतल्या हिजड्यांचे फोटो काढायचं काम त्यांना मिळालं, आणि त्यातून मोना भेटल्या. मोनांनी फोटो काढू दिले. मग हे फोटो विलायतेत छापून येणार, असं त्यांना कळलं. तिथे त्यांचे नातेवाईक होते. त्यांनी फोटो परत मागितले आणि दयानितांनी रोल काढून त्यांच्या हातात दिला. मैत्रीची सुरुवात ही अशी, न छापलेल्या फोटोंपासून.

ही गोष्ट दयानितांच्या चांगुलपणाचा दाखला म्हणून सांगितली जाते. माझ्या मते तिच्यात चांगुलपणापेक्षा अधिक काही आहे. वृत्तछायाचित्रकाराची ओळख त्याच्या रोलमध्ये असते. रोल दिला म्हणजे त्या दिवसापुरती ती ओळख दिली. त्या काळात परदेशी नियतकालिकांना भारतातून हवी असलेली चित्रं ठरलेली होती: दारिद्र्य, वेश्यावस्ती, बालमजूर, हिजडे. ही चित्रं पुरवता पुरवता आपण तेच तेच काढतो आहोत, हे दयानितांच्या ध्यानात येत गेलं आणि पुढे त्यांनी वृत्तछायाचित्रण सोडून आपल्याच वर्गातल्या शहरी कुटुंबांकडे कॅमेरा वळवला. या वळणाची सुरुवात एका नकारात आहे. मोनांनी ‘नको’ म्हटलं, आणि त्या एका शब्दाने समोरचीला विचारात पाडलं की मग मी कोण, आणि हे मी कुणासाठी करते आहे. स्वतःचा शोध म्हणतात तो इथे लागला असेल, तर तो बटण दाबल्याने लागलेला नाही.

तौलनिक साहित्याच्या वर्गात आम्हाला रोलाँ बार्त यांचं ‘ला शाँब्र क्लेर’ हे १९८०चं पुस्तक होतं. त्यात एक हिशेब आहे, तो मी अनेकदा आठवते. कॅमेऱ्यासमोर बसल्यावर आपण एकाच वेळी चार जण होतो, असं बार्त म्हणतात: मी स्वतःला जो समजतो तो, लोकांनी मला जो समजावं असं मला वाटतं तो, छायाचित्रकार मला जो समजतो तो, आणि आपली कला दाखवण्यासाठी तो मला ज्याच्या रूपात वापरतो तो. चारांपैकी दोघांवरच आपला थोडाफार ताबा असतो. हा हिशेब फोटो काढून घेणाऱ्याच्या बाजूने मांडलेला आहे. बहुतेक छायाचित्रपुस्तकांत मात्र आपल्याला तिसरा आणि चौथा हे दोघेच भेटतात. पहिल्या दोघांना बोलायला जागाच नसते. त्याच पुस्तकात बार्त आपल्या दिवंगत आईच्या एका फोटोबद्दल सविस्तर लिहितात. ती पाच वर्षांची असतानाचा, काचघरातला तो फोटो. सगळं पुस्तक त्या फोटोभोवती फिरतं आणि तो फोटो तेवढा छापलेला नाही. काही फोटो न दाखवण्यानेच आपल्या जागी राहतात, हे बार्त यांना कळलं होतं. मोनांना ते बार्त न वाचता ठाऊक होतं.

इथे एक आक्षेप येऊ शकतो. स्वतःचा शोधच घ्यायचा तर दुसऱ्याला कशाला मध्ये आणायचं? कॅमेरा स्वतःकडे वळवावा. आपल्याकडे याचं एक विलक्षण उदाहरण आहे: उमरावसिंग शेरगिल. चित्रकार अमृता शेरगिल यांचे हे वडील. १८७० ते १९५४ हा त्यांचा काळ. संस्कृत आणि फारसीचा अभ्यास असलेल्या या माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून पुढे कित्येक दशकं स्वतःचे फोटो काढले. कधी साहेबी पोशाखात, कधी फेट्यात, कधी पुस्तकांच्या गराड्यात, कधी योग्यासारखं उघड्या अंगाने. ते फोटो एकापुढे एक पाहत गेलं की चेहरा परिचयाचा होत जातो आणि माणूस मात्र हाताला लागत नाही. प्रत्येक फोटो म्हणतो की हा मी, आणि पुढचा म्हणतो की तो नव्हे. २००१-०२मध्ये त्यांचे नातू, चित्रकार विवान सुंदरम यांनी ‘री-टेक ऑफ अमृता’ या मालिकेत या कौटुंबिक फोटोंचे जोडचित्रांत मेळ घातले. आजोबा, आजी, मावशी, आई यांना वेगवेगळ्या काळांतून आणून एका खोलीत बसवलं. तेव्हा कुठे उमरावसिंगांच्या त्या एकट्या पाहण्याला समोरून उत्तर देणारं कुणी भेटलं. आरशापुढे उभ्या राहिलेल्या माणसालाही शेवटी दुसऱ्याची नजर लागते, एवढाच अर्थ मी त्यातून घेते.

‘मायसेल्फ मोना अहमद’मध्ये ही दुसरी नजर बोलते. पुस्तकातला मजकूर म्हणजे मोनांच्या नावाने स्कालोचे प्रकाशक वॉल्टर केलर यांना गेलेली ईमेल-पत्रं आहेत. आपल्यावरचं पुस्तक छापू पाहणाऱ्या परक्या माणसाला आपण कोण ते सांगावं, असा त्यांचा घाट आहे. मुलगा म्हणून जन्म, घर, समाजात प्रवेश, गुरू, दत्तक घेतलेली मुलगी, तिच्या वाढदिवसांचे थाटमाट, मग ती मुलगी दुरावणं, समाजापासून तुटणं, आणि कबरस्तानात आपल्या पूर्वजांच्या कबरींजवळ घर बांधून राहणं. चित्रं याच काळाबरोबर चालतात. वाढदिवसांच्या चित्रांत गर्दी आहे, नाच आहे, दागिने आहेत, कडेवर मूल आहे. पुढे पुढे माणसं कमी होत जातात. वाचणाऱ्याला चित्राकडून पत्राकडे आणि पत्राकडून चित्राकडे जावं लागतं. आणि दोन्ही एकच गोष्ट सांगतात असं नेहमीच वाटत नाही. पत्रातल्या मोना हिशेबी आहेत, तक्रारखोर आहेत, विनोदी आहेत, स्वतःच्या मोठेपणाची त्यांना पुरेपूर जाणीव आहे. चित्रांतल्या मोना पुष्कळदा केवळ दुःखी दिसतात. चित्रं एकटी असती तर आपण त्यांची कीव करून पान उलटलं असतं. पत्रं ते करू देत नाहीत.

एक प्रसंग दयानितांनीच नोंदवून ठेवला आहे. सिंगापूरला जाऊन लिंगबदलाची शस्त्रक्रिया करून घ्यावीशी वाटते का, असं त्यांनी मोनांना एकदा विचारलं. विचारण्यात आपुलकी होती. मोनांनी त्यांना सुनावलं की तुला काही कळलेलंच नाही. मी बाई होऊ पाहणारा पुरुष नव्हे, मी तिसरी आहे. दोनच ओळखता येणं ही तुमच्या समाजाची अडचण आहे. हे सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१४च्या निकालाच्या कितीतरी आधीचं आहे. त्या निकालाने ‘तिसरं लिंग’ ही कायदेशीर ओळख मान्य केली. पुस्तकाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की दयानितांनी हा प्रसंग गाळला नाही. इतक्या वर्षांच्या मैत्रीनंतर, इतके फोटो काढल्यानंतर, समोरचं माणूस आपल्याला समजलेलं नव्हतं, हे त्यांनी स्वतःच्या कामाशेजारी ठेवून दिलं. बार्त यांच्या हिशेबात सांगायचं तर तिसऱ्या ‘मी’ला पहिल्या ‘मी’ने इथे तोंडावर खोटं ठरवलं आणि छायाचित्रकाराने ते छापलं.

आता माझ्या व्यवसायाची अडचण सांगते. काही वर्षांपूर्वी यांतली काही पत्रं मी मराठीत आणून पाहिली, छापण्यासाठी नव्हे, हात कसा चालतो ते पाहण्यासाठी. इंग्रजीत ‘आय’ला लिंग नसतं. पत्रं इंग्रजीत छापलेली असल्यामुळे मोना पानामागून पान बोलतात आणि व्याकरण त्यांना एकदाही विचारत नाही की तू कोण. मराठीत पहिल्याच वाक्याला हा प्रश्न दारात येऊन उभा राहतो. ‘मी गेले’ लिहू की ‘मी गेलो’? लहानपणच्या हकिगतीत काय करायचं? मुलगा म्हणून वाढवलं जात असतानाचं ‘मी शाळेत जायचो’, की आज मागे वळून सांगताना ‘जायचे’? हिंदीतही हीच पंचाईत आहे. तमिळमध्ये आणि बंगालीत नाही, तिथे प्रथमपुरुषी क्रियापद लिंग सांगत नाही. ए. रेवती यांचं आत्मकथन व्ही. गीता यांनी तमिळमधून इंग्रजीत आणलं, ‘द ट्रुथ अबाउट मी’ या नावाने, २०१०मध्ये. एका अलिंगी ‘मी’कडून दुसऱ्या अलिंगी ‘मी’कडे झालेला तो प्रवास. मराठीत लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचं आत्मकथन २०१२मध्ये आलं, ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’. शब्दांकन वैशाली रोडे यांचं. तिथे कितीतरी भूतकाळी वाक्यांत निवड करावी लागते. २०१५मध्ये ते इंग्रजीत गेलं तेव्हा अनुवादक आर. राज राव आणि पी. जी. जोशी यांनी नाव ठेवलं ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’च, फक्त रोमन लिपीतल्या त्या ‘मी’चं स्पेलिंग इंग्रजीतल्या ‘मला’चं केलं. इंग्रजी वाचकाला ते व्याकरणाची चूक वाटावं, मराठी कानाला ते बरोबर लागावं. ‘मायसेल्फ मोना अहमद’ची ही सख्खी बहीण.

याच अडचणीत मराठीने मला एक गोष्ट दाखवली. आपल्याकडे सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ कर्त्याकडे पाहत नाही, कर्माकडे पाहतो. ‘मी फोटो काढते’ म्हटलं की बोलणारी बाई आहे हे कळतं. ‘मी फोटो काढला’ म्हटलं की कळत नाही, कारण ‘काढला’ हे फोटोचं लिंग आहे, माझं नव्हे. काढत असताना मी दिसते. काढून झाला की क्रियापद फोटोच्या बाजूला जाऊन बसतं आणि मी मागे राहते.

शिवाय ‘काढणे’ हे क्रियापदच पाहण्यासारखं आहे. इंग्रज फोटो ‘घेतो’, हिंदी भाषक तो ‘खींचतो’, गुजराती ‘पाडतो’, बंगाली ‘तोलतो’ म्हणजे उचलतो. आपण तो काढतो, विहिरीतून पाणी काढावं तसा, किंवा एखाद्याची आठवण काढावी तसा. आणि मराठीत फोटो दोन्ही बाजूंनी काढता येतो. ‘पासपोर्टसाठी मी काल फोटो काढला’ म्हणणाऱ्याने कॅमेऱ्याला हातही लावलेला नसतो. ‘लग्नानंतर आम्ही स्टुडिओत जाऊन फोटो काढला’ असं आपल्या आज्या म्हणत, तेव्हा त्या खुर्चीवर ताठ बसलेल्या असत आणि काळ्या फडक्याखाली डोकं घालणारा कुणी दुसराच असे. तरी फोटो आजीनेच काढलेला असे. या वाक्यप्रयोगात मला एक जुना न्याय दिसतो. फोटो हे दोघांचं काम आहे, आणि जो बसतो त्याचंही कर्तेपण त्यात आहे, हे बोलीने कुठल्याही सिद्धान्ताशिवाय मान्य केलेलं आहे. ‘मायसेल्फ मोना अहमद’ हे पुस्तक याच अर्थाने मोनांनी ‘काढलेलं’ आहे.

यावर कुणी म्हणेल की हे फार गोड झालं. मुखपृष्ठावर लेखक म्हणून नाव दयानितांचं आहे. २०२२मध्ये हॅसलब्लाड पुरस्कार त्यांना मिळाला, मोनांना नाही. मोना कबरस्तानात राहिल्या आणि दयानिता जगभरच्या संग्रहालयांत गेल्या. मोनांची घडण दिल्लीच्या हिंदुस्तानीत झालेली. पत्रं छापली गेली इंग्रजीत, एका स्विस प्रकाशकासाठी. मग हा ‘मी’ खरोखर कुणाचा? हा आक्षेप मी अनुवादक म्हणून फार गांभीर्याने घेते, कारण माझ्या कामावरही तो तसाच लागू होतो. दुसऱ्याच्या ‘मी’मध्ये मी बसते आणि बोलते, मानधन मला मिळतं.

याची शहानिशा करायला दुसरं एक पुस्तक शेजारी ठेवावं: मेरी एलन मार्क यांचं ‘फॉकलंड रोड’, १९८१चं. मुंबईच्या कामाठीपुऱ्यालगतच्या त्या रस्त्यावरच्या वेश्यांचे रंगीत फोटो, १९७८च्या सुमाराला काढलेले. मार्क यांनी प्रस्तावनेत प्रामाणिकपणे सांगितलं आहे की सुरुवातीला त्यांच्यावर पाणी आणि कचरा फेकला जात असे, पण त्या रोज परत जात राहिल्या, आणि हळूहळू बायकांनी त्यांना आत घेतलं. छायाचित्रं म्हणून ती थोर आहेत, हे मला मान्य आहे. चिकाटी आहे, माया आहे. पण त्यातला ‘नको’ हा ओलांडण्याचा अडथळा म्हणून येतो. तो पार झाला की गोष्ट सुरू होते. मोनांचा ‘नको’ मात्र पाळला गेला आणि तिथून गोष्ट सुरू झाली. मार्क यांच्या पुस्तकात बोलणारी एकच आहे, ती स्वतः. त्याच वस्तीच्या आतून नामदेव ढसाळ यांची ‘गोलपिठा’ १९७२मध्येच आलेली होती. म्हणजे त्या गल्ल्यांना स्वतःचा प्रथमपुरुष मिळालेला होता, कॅमेऱ्यापर्यंत तो पोचला नव्हता इतकंच. पुढे २००७मध्ये ढसाळांच्या कवितांचे दिलीप चित्रे यांनी केलेले इंग्रजी अनुवाद आणि हेनिंग स्टेगम्युलर यांचे फोटो एकाच पुस्तकात आले, तेव्हा ती गाठ पडली.

तेव्हा आक्षेपाला माझं उत्तर असं की विषमता मिटलेली नाही आणि पुस्तक ती मिटल्याचा दावाही करत नाही. मोनांचा आवाज दुसऱ्या हातांतून, दुसऱ्या भाषेतून आला आहे. अनुवादात आवाज नेहमी तसाच येतो. प्रश्न एवढाच असतो की मध्यस्थाला गैरसोयीची ठरतील अशी वाक्यं त्यात शिल्लक आहेत का. ती गाळली गेली असतील तर तो आवाज मध्यस्थाचा. शिल्लक असतील तर काही अंशी तरी मूळ माणसाचा. सिंगापूरचं उत्तर शिल्लक आहे. परत दिलेल्या रोलची गोष्ट शिल्लक आहे. अनुवादाची परीक्षा मी याच कसोटीवर करते, आणि या पुस्तकाची वेगळ्या कसोटीवर करण्याचं कारण मला दिसत नाही.

एका बाबतीत मात्र पुस्तक कमी पडतं असं मला वाटतं. मोनांची मूळ बोली त्यात कुठेच ऐकू येत नाही. एखादं पत्र देवनागरीत किंवा नस्तालिकमध्ये, त्यांच्या शब्दांत, त्यांनी निवडलेल्या क्रियापदांसह छापलं असतं, तर त्यांनी स्वतःला ‘गई’ म्हटलं की ‘गया’, की प्रसंगानुसार दोन्ही, हे वाचकाला कळलं असतं. इंग्रजीने त्यांना व्याकरणाच्या जाचातून सोडवलं हे खरं. पण त्या जाचाशी त्यांनी रोज कशी वाटाघाट केली, तेही इंग्रजीनेच पुसून टाकलं. अनेक भाषांत जगणाऱ्या या देशात छायाचित्रांची पुस्तकं इतक्या सहजपणे इंग्रजीत निघतात, याची ही किंमत आहे. फोटोला भाषा लागत नाही म्हणतात. मथळा, पत्र, मनोगत आलं की लागते, आणि तेव्हा कुणाची भाषा निवडायची हा फोटो कुणाचा काढायचा याइतकाच मोठा निर्णय असतो.

पुस्तकानंतर दयानितांच्या कामात एक बदल दिसतो. माणसं कमी होत गेली. रिकाम्या खुर्च्या आल्या, अंथरलेले पलंग, कुणी नसलेल्या खोल्या. २००८च्या ‘सेंट अ लेटर’मध्ये डबीत ठेवलेल्या सात छोट्या घडीपुस्तिका आहेत, मित्रांना पाठवण्याच्या पत्रांसारख्या. त्यांतली एक त्यांच्या आईच्या, नोनी सिंग यांच्या, फोटोंची आहे. म्हणजे इथेही ‘मी’ म्हणण्याच्या जागी दुसऱ्या एका बाईला बसवलेलं. २०१३च्या ‘फाइल रूम’मध्ये दफ्तरखाने आहेत, फायलींच्या थप्प्या, बासनं, फडताळं. त्यात चेहरा नावालाच. मला हे मोनांकडून शिकलेलं वाटतं. एखाद्या माणसाने ‘मी कोण ते तू ठरवू नकोस’ असं एकदा नीट सांगितलं की पुढच्या प्रत्येक चेहऱ्यासमोर कॅमेरा थोडा थबकणारच.

आणि मग, त्याच वर्षी, ‘मोना अँड मायसेल्फ’. थोडी मिनिटं. मोना अंथरुणावर पडलेल्या, चेहरा कॅमेऱ्याकडे, जुनं हिंदी गाणं वाजतंय. जवळजवळ काही हलत नाही. पत्रांतल्या त्या बोलक्या मोना इथे एक शब्द बोलत नाहीत. पापणी हलते, नजर कॅमेऱ्याच्या थोडी पलीकडे जाते आणि परत येते. त्या पलीकडच्या जागी दयानिता आहेत, हे नाव वाचल्यामुळे आपल्याला माहीत असतं. त्या दिसत नाहीत, तरी पाहिलं जात आहे ते त्यांच्याकडेच. चोवीस वर्षं ज्या बाईने फोटो काढले, ती अखेर फोटोत आली ती अशी: दुसऱ्या कुणाच्या नजरेत. मोना २०१७मध्ये गेल्या. त्यानंतर ती नजर पुन्हा मिळण्यासारखी नाही.

दोन्ही नावं मराठीत आणायची तर पहिलं सोपं आहे. ‘मी मोना अहमद’. क्रियापद नाही, लिंग नाही, भारतीय इंग्रजीत जे चूक ठरलं ते आपल्याकडे शुद्ध. दुसरं ‘मोना आणि मी’. तेही सोपं दिसतं. पण त्यापुढे एखादं क्रियापद लावून पाहावं. एकटीला ‘मी गेले’ म्हणावं लागतं, एकट्याला ‘मी गेलो’. दोघं मिळाली, कुणीही दोघं, की मराठीत एकच रूप उरतं: ‘आम्ही गेलो’. पुरुष असोत, बाया असोत, तिसरं कुणी असो. त्या पत्रांतल्या प्रत्येक वाक्यावर मी जिथे अडले होते, तिथून व्याकरणाने दिलेली ही एकच वाट मला सापडली, आणि ती एकटीने जाण्याची नाही.